हळदीचं उत्तर

शरदचंद्रने आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. ते भैंसा गावच्या मारोतरावांचं. 'चि. पद्मिनीसाठी आपला विचार आहे. कृपया एक फोटो पाठवावा.' पत्र दोन महिने शब्दकोशात दबून होतं.

मुलगी नापसंत होती असं नाही. एका लग्नात वरात दारात आली तरी पद्मिनी कोपऱ्यात पुस्तक वाचत बसलेली त्याने पाहिली होती, आणि तिथेच त्याचं ठरलं होतं. अडचण त्याच्या स्वतःच्या गालांची होती. मुरूम गेले, लाल डाग राहिले. फोटोवाला म्हणाला होता, "लाल डाग फोटोत काळे येतात, साहेब."

वच्छलामावशीने उपाय सांगितला, "मसुरीचं पीठ, साय अन् चिमूटभर हळद. महिनाभर लाव."

चिमूटभर पुरेल की नाही, या शंकेने शरदचंद्रने मूठभर घातली आणि महिन्याचं काम एका सकाळीत व्हावं म्हणून लेप वाळेपर्यंत ठेवला. धुतल्यावर चेहरा झेंडूसारखा पिवळा झाला होता आणि त्यावर डाग अधिकच लाल दिसत होते. रिठ्याने घासलं, तर तेवढं नाक उजळलं.

रजा मागायची हिंमत नव्हती. नोव्हेंबर छप्पन्न, राज्यपुनर्रचनेत जिल्ह्यांची वाटणी नुकतीच झालेली, आदिलाबादच्या कचेरीत दप्तरांचे ढीग. तो मान खाली घालून खुर्चीवर बसला.

पेशकार वामनरावांनी चष्मा वर केला. "अबे, हळद लागली अन् कचेरीत काऊन आला?"

"नाही, ते... फक्त तोंडाला..."

"हळदीचा नवरदेव एकटा फिरत नसते! मावशीले अक्कल नाही का?" वामनरावांनी पानाच्या डब्यातला अडकित्ता काढून त्याच्या हातात कोंबला. "हे धर. नजर लागत नाही. चाल, मीच पोचवतो."

खरं सांगायचं, तर सगळ्या कचेरीपुढे मुरुमांचं नाव काढावं लागलं असतं. शरदचंद्रने अडकित्ता घट्ट धरला. व्हरांड्यात वामनराव ओरडले, "सरका! आमच्या शरदचंद्रची हळद आहे!"

जमिनीचे कागद घेऊन उभ्या असलेल्या एका गृहस्थाने वळून पाहिलं आणि तो थेट त्यांच्या मागे घरापर्यंत आला.

"मी मारोतराव," तो दारातच कडाडला. "वाटणीत अख्खं भैंसं नांदेडातून आदिलाबादेत आलं, अन् तुमचं एक पत्र आदिलाबादेतून भैंशात येईना! दुसरीकडं ठरलं, तं दोन ओळी लिहाच्या होत्या. का पोरीच्या गालावरले डाग कोणी सांगितले तुमाले?"

"कसले डाग?"

"मुरुमाचे. दोन महिने झाले, उत्तर नाही म्हणून पोरगी आरशापुढं रडून राह्यली."

शरदचंद्रने अडकित्ता खाली ठेवला. मग नाकावरून बोट फिरवून, अडखळत, त्याने सगळं सांगितलं. मावशी तोंडाला पदर लावून हसली. वामनराव छताकडे पाहू लागले.

मारोतराव बराच वेळ त्याच्या गालांकडे बघत होते. "हे मी सांगून तिले पटत नाही. लेखी द्या. अन् टपालानं पाठवा. मी आणलं तं पोरगी म्हणन, बापानंच लिहून घेतलं."

सहा मसुदे फाडून सातवा टिकला. 'फोटो पाठवत नाही. डाग मलाही आहेत. पाहायला स्वतःच येतो. आपण मात्र हळद लावू नये, निदान इतक्यात.'

पाकीट बंद करताना घामेजल्या बोटांचा पिवळा रंग चारही कोपऱ्यांना लागला. टपालकचेरीच्या पायरीवर पोस्टमनने ते पाहून विचारलं, "लग्नाची पत्रिका का, साहेब?"

शरदचंद्रने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. पण पाकीट पेटीत पडलं होतं.