हत्तीचे मागचे पाय

आमच्या उदगिरात महालिंगप्पांना न ओळखणारा माणूस सापडणार नाही. पण त्यांना रंगमंचावर पाहिलेला माणूसही सापडणार नाही, आणि तेही दरवर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात काम करत असताना. कारण अप्पा काम करतात ते हत्तीच्या मागच्या पायांचं.

एरवी अप्पांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत आहे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरंशुभ्र धोतर, आणि आवाज असा की तुरीचा सौदा पार रस्त्यापर्यंत ऐकू यावा. घर आमच्या भिंतीला भिंत लावून. नाटक दरवर्षी एकच. शाळेच्या कपाटात चित्रांचं एक जुनं पुस्तक आहे, त्यातला गजोबा नावाचा हत्ती गावोगाव पाणी शोधत हिंडतो. माझं पहिलं पुस्तक तेच आणि माझ्या मुलीचंही तेच. पुण्यामुंबईच्या मुलांचे लाडके हत्ती कुठले असतील ते असोत, आमचा गजोबा उदगीरच्या बारदान्याचा आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पोती अप्पांच्या दुकानातली, शिवणही त्यांचीच. पोत्यांत धान्याची धूळ राहतेच, त्यामुळे आमचा हत्ती शिंकतो. पुढून वेगळा आणि मागून वेगळा.

या कामाचा अप्पांना भारी ताठा. ते म्हणतात, "पुढले पाय कुणीबी करतंय. मागल्या पायाला जबाबदारी असती." टीव्हीवर हत्तीचा सिनेमा लागला की ते चष्मा पुसून आमच्याकडे येऊन बसतात, आणि हत्तीच्या तोंडाकडे चुकूनही बघत नाहीत. एकदा एका सिनेमात आईपासून ताटातूट झालेलं पिल्लू ढसाढसा रडत होतं. माझी बायको रडली, मुलगी रडली, खोटं कशाला बोलू, मीही रडलो. अप्पा मात्र शेवटपर्यंत त्याच्या गुडघ्यांवर नजर लावून होते. "तोंडावर लई खर्च केलाय," ते उठता उठता म्हणाले, "मागं समदं उरकून टाकलंय." चित्रांच्या पुस्तकांनाही हाच न्याय. समोरून काढलेला हत्ती त्यांच्या हिशेबी अर्धाच.

एका गोष्टीत मात्र ते कुणाचं ऐकत नाहीत. पुढचे पाय लहान मुलाचेच पाहिजेत. आता पुढे चिमुरडं पोर आणि मागे सहा फुटी अप्पा, म्हटल्यावर आमचा गजोबा सपाट रंगमंचावरही उतारावरून चालल्यासारखा दिसतो. तो उतार कमी व्हावा म्हणून अप्पा कमरेत वाकून, गुडघे मोडून चालतात. एका नव्या सरांनी पुढे उंच माणूस घेऊ म्हणून सुचवलं, तर अप्पांनी पोती उचलून घरचा रस्ता धरला. सरांनाच मागे पळावं लागलं. अप्पांचा हेका, असं म्हणून आम्हीही हसत असू.

यंदा पुढचे पाय म्हणून माझ्या सानवीचं नाव आलं आणि माझं हसू पळालं. सानवी घरात चुरुचुरु बोलते, उंबऱ्याबाहेर तोंड उघडत नाही. वर्गात हजेरी घेताना तिच्यासाठी शेजारची मुलगी 'हजर' म्हणते. अशा पोरीला भरल्या सभागृहात उभं करायचं? शिवाय अप्पांचे गुडघे गेलेले. वाकायचं नाही, असं लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, पोत्यांचा हत्ती पलंगाखाली दडवला होता. नाव मागे घ्यावं म्हणून मी अप्पांकडे गेलो, तर हत्ती बाहेर काढून ते सुतळीनं त्याचं पोट शिवत बसले होते.

माझं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "तिला कुणी बघणार न्हाई. तिला मातर समदे दिसतेल. भ्या असंच जातंय." मग त्यांनी सांगितलं की पहिले पुढचे पाय त्यांच्या लेकीचे, महादेवीचे होते. दुकानात गिऱ्हाईक आलं की ती पोत्यांमागं लपायची, म्हणून हत्तीत तिच्या पाठीशी तेच शिरले. तीच महादेवी आज लातूरच्या कोर्टात वकिली करते. तेव्हापासून शाळेतलं सगळ्यात घाबरट पोर मोठ्या बाई दरवर्षी अप्पांकडे पाठवतात, आणि त्याबद्दल दोघंही बाहेर अवाक्षर काढत नाहीत.

"एकदा धीर आला की पोरगं माझ्याकडं परत येत न्हाई," अप्पा म्हणाले. "येऊबी न्हाई." आणि सुई बोटात रुतल्यासारखं करून त्यांनी मान खाली घातली.

संमेलनाच्या दिवशी गजोबा आला. चार पावलं बरा चालला, आणि मधोमध थांबला. पुढचे पाय निघायला बघत होते, पण मागचे हलेनात. अप्पांचे गुडघे धरले होते. गाणं पुढे गेलं. मागच्या रांगांतून हसू फुटलं, कुणीतरी टाळ्या वाजवून हत्तीला हाकलू लागलं. मी खुर्चीतून अर्धा उठलो.

तेवढ्यात हत्तीचं डोकं निघालं. आतून घामेजलेली, धुळीनं माखलेली सानवी बाहेर आली. तिनं पुठ्ठ्याचं डोकं काखेत धरलं आणि सगळ्या सभागृहाकडे बघितलं.

"हसू नका," ती म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "आमचे मागचे पाय दुखायलेत. आम्ही जरा बसतो. मग जातो पाण्याला."

आणि ती खाली बसली. तिच्या मागे, सावकाश, हाताचा आधार घेत बाकीचा हत्तीही बसला. हत्ती उठेपर्यंत कुणी हललं नाही.

शेजारी कुणी अनोळखी गृहस्थ बसले होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी मी त्यांना सांगितलं, "ती माझी मुलगी. आणि मागं आमचे महालिंगप्पा आहेत."