पानसे मास्तरांचं सोवळं

आमच्या वरच्या मजल्यावरचे पानसे मास्तर समोरच्याला बोलता बोलता थांबवतात. उजव्या हाताचं बोट वर करतात आणि शांतपणे म्हणतात, "परत." म्हणजे तुमच्या मराठीत हिंदी शब्द शिरला. आता वाक्य पहिल्यापासून म्हणा.

आता मी जबलपूरची. इथेच जन्मले, इथेच रेल्वेच्या ऑफिसात चिकटले, नवराही इथल्याच फॅक्टरीत. आमच्या घरात "चलो, जेवून घ्या" म्हटल्याशिवाय कुणी ताटावर येत नाही. अशा बाईच्या डोक्यावर देवाने हा माणूस आणून ठेवला.

एकदा मास्तरांची टाकी भरून वाहायला लागली. पाणी जिन्यावरून सरळ आमच्या दारात. मी धावत वर गेले.

"मास्तर, मोटर बंद करा! टंकी भरून गेली, सगळं पाणी नीचे येऊन राहिलं!"

बोट वर. "परत."

"अहो, पाणी!"

"पाणी बरोबर आहे. 'नीचे' चूक."

मी दातओठ खात म्हटलं, "मास्तर, कृपा करून पंप बंद करावा. जलाशय ओसंडून राहिला आहे."

"ओसंडत आहे," मास्तर म्हणाले आणि मग बटण बंद करायला गेले. तोवर माझं पायपुसणं शेजारच्या गुप्ताजींच्या दारात पोचलं होतं.

बडा फुहाऱ्याच्या बाजारात तर कमालच झाली. मास्तरांना सदऱ्याचं कापड घ्यायचं होतं. दुकानातला पोरगा मराठी घरातला, पण मराठी जेवढ्यास तेवढी. तो म्हणाला, "काका, हा कपडा एकदम बढिया आहे." मास्तर म्हणाले, "परत." पोराने कापडाची घडी केली आणि फळीवर परत ठेवली. दुसरं काढलं. "हा पण बढिया आहे." "परत." तेही फळीवर गेलं. सगळं दुकान पालथं घालून झालं, दोघेही घामाघूम झाले, आणि मास्तर बिनकापडाचे घरी आले. वर मलाच सांगतात, "पोराला भाषेची गोडी आहे हो, पण कापड दाखवायचा धीर नाही."

हे सोवळं त्यांच्या घरात पूर्वापार. पानशांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर नर्मदा उतरून आले आणि माघारी जायचं विसरले, एवढं पक्कं. फौजेत ते काय होते, हे मात्र ऐकणारा कोण त्यावर ठरतं. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मूळपुरुष साधे कारकून होते. माझ्या सासऱ्यांना सांगताना ते कारखानीस झाले. गेल्या गणपतीत आरतीला नागपूरचे पाहुणे होते, तर मूळपुरुष हत्तीवरून खाली उतरायलाच तयार होईनात. त्यांच्यानंतर घरात सगळे मास्तर. आजोबा, वडील, चुलते, सगळे खेड्यापाड्यांच्या शाळांत. आणि सगळ्यांनी मराठी जपली ती लोणच्याच्या बरणीसारखी. ओला चमचा चालायचा नाही.

आणि एवढं सोवळं पाळून या माणसाने जन्मभर शिकवलं काय? हिंदी!

कुंडमच्या पुढे पडरिया नावाचं गाव आहे, तिथल्या सरकारी शाळेत. शाळेत शुद्ध हिंदी, घराच्या उंबऱ्याआत शुद्ध मराठी. गावाचं बोलणं दोन्हीहून वेगळं, पण मास्साब माणूस चांगला म्हणून लोक ऐकून घ्यायचे.

मधल्या मधे सापडल्या कुमुदकाकू, मास्तरांच्या पत्नी. वर्ध्याकडच्या. लग्न होऊन थेट पडरियात, शाळेमागच्या क्वार्टरमध्ये आल्या. हिंदी येत नव्हती, मराठी बोलायला कुणी नव्हतं, नवरा दिवसभर शाळेत. काकू काही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी हातपंपावर स्वतःची भाषा काढली. मराठी घ्यायची आणि तिला 'वो', 'है', 'चलो' चिकटवायचं. "वो बादली इकडे सरकव ना, बाई." "पोरगा काहून रडता है?" "हळू चलो, घसरोगी." गावच्या बायकांना समजलं. समजलं कसलं, आवडलं. त्याही तसंच बोलायला लागल्या आणि त्यांच्या पोरांनी ते शाळेत नेलं.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी एका मुलाला विचारलं, आपल्या राज्याची राजधानी कोणती? मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "थांबो साहब, अभी सांगता हूँ." साहेबांना वाटलं, ही गोंडी. जाताना मास्तरांची पाठ थोपटून गेले, की स्थानिक बोलीला तुम्ही शाळेत चांगला मान देऊन राहिलात. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

हे सगळं मला काकूंनीच सांगितलं, हसून हसून डोळे पुसत. त्यांचा श्रीरंग लहानपणी आईला हाका मारायचा, तर पडरियाच्या बायका म्हणायच्या, "मास्साब का लड़का दिनभर 'आई, आई' चिल्लाता है, और आता कोई नहीं!" आणि मास्तरांच्या निरोप समारंभात सरपंच भाषणात बोलले, "मास्साब ने जीवनभर बच्चों को पढ़ाने की चेष्टा की." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पण काकूंच्या कानांना तर मराठी चेष्टाच कळणार. हार घातलेले मास्तर गंभीर बसलेत, गाव डोळे पुसतंय, आणि पहिल्या रांगेत काकू तोंडात पदर कोंबून हसताहेत.

मास्तर त्यांनाही बोट दाखवायचे. काकू म्हणायच्या, "तुम्हीच म्हणा परत. माझी भाजी करपून राहिली है."

काकू गेल्या त्याला आता दुसरं वर्ष. त्यानंतर मास्तर अधूनमधून सकाळच्या बसने कुठेतरी जायला लागले. संध्याकाळी परत. विचारलं तर म्हणायचे, "काम आहे." पेन्शनीतल्या माणसाला कसलं डोंबलाचं काम?

मग बंगलोरहून श्रीरंगचा मला फोन आला. "सुधामावशी, बाबा कुठे जातात? गुडघे गेलेले, कुठे पडले-बिडले तर? मी दिवाळीत येऊन राहिलो. या वेळी त्यांना घेऊनच जातो. घर विकून टाकू. तुम्ही समजवा ना त्यांना."

मला ते पटलं. वर म्हातारा माणूस एकटा, रात्री-बेरात्री काही झालं तर ऐकणार कोण? शिवाय मला निवांत मराठी बोलता आली असती, हेही काही थोडं नव्हतं. म्हणून मी मास्तरांना म्हटलं, पुढच्या वेळी मीही तुमच्याबरोबर येते.

"या," ते म्हणाले. "पण तिथे बोलू नका."

मला! जाऊ द्या. गेले तोंड मिटून.

बस पडरियाला थांबली. मास्तर शाळेकडे वळलेसुद्धा नाहीत. हातपंपाच्या मागे सुकरतीबाईंचं घर, काकूंची त्या वेळची मैत्रीण. तिने खाट टाकली, काळा चहा दिला आणि आपल्या कामाला लागली. मास्तर खाटेवर बसले. काम काही नाही, बोलणं काही नाही. मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी बसचे हिसके खाल्ले का मी?

तेवढ्यात तिची शेळी कुंपणाबाहेर निघाली.

"काहून वं, काहून घुसती है उधर?" सुकरती ओरडली. "कितीदा सांगूं तेरे को? इकडे आ ना, माऽय!"

मी झटकन वळून बघितलं. शब्द काकूंचे होतेच. पण तो 'माय'वर लांबलेला सूर, त्याच्या आधी घेतलेला तो छोटासा श्वास, सगळं काकूंचं. डोळे मिटले असते तर मी हाक मारली असती. मास्तरांनी मिटलेच होते. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. बोट मांडीवर पडून होतं.

"मी तिला जन्मभर टोकलं, सुधाबाई," ते हळूच म्हणाले. "पाहुणे आले की म्हणायचो, तू आत बस. तिच्या बोलण्याची मला लाज वाटायची. आता घरात तिचे फोटो आहेत, साड्या आहेत. आवाज कुठेच नाही. तो भरून ठेवायचं कुणाला सुचलंच नाही."

मी गार झालेला चहा पिऊन टाकला. बोलायचं नव्हतंच.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. कानाने कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर. श्रीरंग होता.

"बाबा, टिकट काढून टाकू ना? परतीचं आपल्या दोघांचं मिळून राहिलंय."

"माझं नको काढू."

"अहो, पण आता जबलपुरात आहे कोण तुमचं?"

मास्तरांनी सुकरतीकडे बघितलं. मग म्हणाले, "इथे तुझी आई ऐकू येते रे."

"म्हणजे?"

मास्तरांना ते समजावून सांगता येईना. समोर सुकरतीची सून भोपळा चिरायला बसली होती आणि सुकरती तिच्यावर खेकसली, "अशी कैसी कापती, बाई? जरा जपून! बोट जाएगा तो रडत बसोगी!"

फोनमधून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, कटला.

"बाबा," श्रीरंग म्हणाला. "फोन जरा त्यांच्याजवळ नेता का?"

मास्तर गुडघ्यांवर हात टेकून उठले. अंगण ओलांडून गेले आणि सुकरतीच्या खांद्याशी फोन धरून उभे राहिले. तिला काय ठाऊक? ती आपली सुनेला रागवतच होती.