भोंग्यावरची सहल

माणसांना मजा करायला शिकवावं लागत नाही, असं मी आमच्या गिरणीच्या मोठ्या साहेबांना तोंडावर सांगितलं होतं. सांगताना छातीही चांगली फुगवली होती. हल्ली ती फुगवायची वेळ येत नाही.

आम्ही मॅसेच्युसेट्समधले गिरणीवाले. आमच्या बापांनी कॅनडातली शेतं सोडली ती कसली तर सुखाच्या शोधात! सुख म्हणजे शनिवार धरून सहा दिवस गिरणी, रविवारी सकाळी चर्च आणि दुपारी आठवड्याचं धुणं. मी विणखात्यात बिघडलेले माग दुरुस्त करतो, माझी बायको डेलिमा त्याच खात्यात माग चालवते. एका रविवारी माझे मोजे पिळता पिळता ती म्हणाली, "ओव्हिला, मला शनिवारची दुपार हवी रे. काही करायला नको. नुसतं बसायला."

बाईने दागिना मागितला असता तर मी हात वर केले असते. पण नुसतं बसणं? म्हणून शनिवारी अर्धा दिवस सुट्टी मागायला मी सगळ्यांच्या वतीने थॅक्स्टरसाहेबांपुढे जाऊन उभा राहिलो.

"लाफ्लाम," साहेब म्हणाले, "सुट्टीला माझी ना नाही. पण तुम्हा लोकांना रिकामा वेळ झेपत नाही. दुपारी सोडलं की थेट गुत्ता गाठाल."

"साहेब, माणसांना मजा करायला शिकवावं लागत नाही. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या सहलीला या. शुद्धीवर राहून, शिस्तीत मजा करून दाखवतो."

"दाखव. मग सुट्टीचं बघू."

घरी येऊन डेलिमाला सांगितलं. ती म्हणाली, "शिस्तीत मजा? ती कशी करतात?"

"तू बघच."

सहल होती तळ्याकाठच्या बागेत. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर ट्रामवाल्यांनीच ही बाग काढली आहे, सुट्टीच्या दिवशीही लोकांनी तिकीट काढावं म्हणून. पूर्वी कुणीतरी फिडल काढायचा आणि कुणाच्याही स्वयंपाकघरात नाच सुरू व्हायचा. आता नाचायचं तर ट्रामने जावं लागतं. तिथे नाचाचा मंडप आहे, बेसबॉलचं मैदान आहे आणि वाफेवर फिरणारं लाकडी घोड्यांचं चक्र आहे. त्या चक्राचा बाजा असा कोकलतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग एवढ्या लोकांना वेळेवर जेवायला बोलवायचं कसं?

चक्राचं इंजिन चालवतो टेलेस्फोर, माझा मेहुणा. तो म्हणाला, "भोंगा आहे की इंजिनावर. तुमच्याच गिरणीवरच्या जोडीतला एक, भंगारात घेतलेला. तळ्यापलीकडे ऐकू जाईल."

"मग बरोबर बाराला वाजव," मी म्हणालो. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो होतो की काय सांगू.

चार जुलैची सकाळ दृष्ट लागावी अशी गेली. कुणी प्यायलेलं नव्हतं. साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बघत होते आणि अधूनमधून मान डोलवत होते. डेलिमा बूट काढून पाण्याच्या कडेला बसली होती. हातात काही नाही, मांडीवर काही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला अशी बसलेली मी कधी पाहिलीच नव्हती. मला भरून आलं.

आणि भोंगा वाजला.

मैदानावर नुकताच चेंडू उंच उडाला होता. आमच्या विणखात्यातला ओनेझिम तो झेलायला हात पसरून उभा होता. त्याने हात खाली घेतले आणि तो चालू लागला. ज्याने तो टोलवला होता तोही बॅट टाकून निघाला. मंडपातल्या जोड्या गिरकीच्या मधेच सुटल्या. बायका बाह्या वर सारत बागेच्या फाटकाकडे निघाल्या. तिथे सूतखात्याची रांग वेगळी, विणखात्याची वेगळी, आणि सगळं अगदी चिडीचूप. मी त्यांना थांबवायला धावलो असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी रांगेत उभा होतो आणि खिशात पकड चाचपत होतो.

"अरे, जेवणाचा भोंगा आहे हा," मी ओरडलो.

"जेवणाचा की परत जायचा?" ओनेझिमने विचारलं.

"जेवणाचाच!"

"मग सगळे ट्राममध्ये का चढतायत?"

"तू का चढतोयस?"

"सगळे चढतायत म्हणून."

खास आमच्यासाठी ठेवलेल्या ट्राम फाटकाशी उभ्याच होत्या. पुढचे चढले, मागच्यांनी रेटलं, ट्राम सुटल्या. कुणी म्हणालं गिरणीला आग लागली, कुणी म्हणालं सुट्टी रद्द झाली. गिरणीच्या दरवानाने रांग पाहिली आणि फाटक उघडलं. त्याचं तरी काय चुकलं? लोक आत गेले, आपापल्या मागांपुढे उभे राहिले आणि माग चालवणारे पट्टे फिरायची वाट बघू लागले. बॉयलर थंड होता. बऱ्याच वेळाने डेलिमाने खाली बघितलं. तिच्या पायात बूट नव्हते.

"ओव्हिला," ती म्हणाली, "आपण इथे काय करतोय?"

बागेत परत गेलो तोवर बदकांनी आमचं जेवण उरकलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. आता कसली सुट्टी, उलट माझी नोकरीच जाणार म्हणून मी टोपी हातात घेऊनच आत गेलो.

"लाफ्लाम," साहेबांनी चक्क माझा हात हातात घेतला, "इतकी सुंदर सहल मी जन्मात पाहिली नाही. मंजूर, शनिवारची दुपार तुमची!"

मी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांचं संपलं नव्हतं. दुपार बागेतच घालवायची. पहिला भोंगा झाला की घोडे, दुसरा झाला की नाच, तिसऱ्याला बेसबॉल. जो उशिरा येईल त्याचा पगार कापायचा. आणि या सगळ्यावर मुकादम मी.

तर आता मी लाकडी घोड्यांमधून फिरतो आणि कोण तोंड पाडून बसलंय ते बघतो. पहिल्याच शनिवारी डेलिमा पाण्याच्या कडेला जाऊन बसली. मी जवळ गेलो. साहेब झाडाखाली होते.

"डेलिमा, भोंगा झाला. घोड्यावर बस."

तिने माझ्याकडे पाहिलं, बूट घातले आणि घोड्यावर बसली. चक्र थांबेपर्यंत ती समोर बघत राहिली. ट्राममध्ये म्हणाली, "शनिवारी दुपारी माग पुसायला काही माणसं मागे ठेवतात ना? मला तिथे घाल."

"सुट्टी सोडून काम करणार?"

"तिथे कुणी मजा कर म्हणत नाही."

सोमवारी मी कचेरीत विचारायला गेलो. जागा केव्हाच भरल्या होत्या. जागा रिकामी होईल म्हणून थांबलेल्यांची रांग जिन्यापर्यंत आली होती. मी तिच्यात जाऊन उभा राहिलो. मला दोन जागा हव्या होत्या.