बंद घरातला गारवा

एसी बंद पडला त्याच दिवशी बायको बहिणीकडे निघून गेली. निवृत्त ग्रंथपाल मात्र डगमगले नाहीत. इमारतींची कामं करणाऱ्या इंजिनिअर जावयाने त्यांना फोनवर मंत्र दिला होता : "पहाटे सगळ्या खिडक्या उघडा, नऊला बंद करा, पडदे ओढा. ऊन आत आलंच नाही तर घर तापेल कसं?"

ग्रंथपालांनी मंत्र शब्दशः पाळला. वर पदरचं म्हणून पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून ओली चादर सोडली, दाराला आतून कडी घातली आणि फटीत टॉवेल कोंबला. ग्रंथालयातल्या सवयीने फोन मुका होताच. दुपारी ते पंख्याखाली गार फरशीवर आडवे झाले आणि बघता बघता घोरू लागले.

चादरीचं पाणी खालच्या शिंपीणबाईंच्या इस्त्री केलेल्या कपड्यांवर टपकू लागलं. त्या तणतणत वर आल्या. घंटा वाजवली, दार बडवलं, पण आत चिडीचूप. खाली येऊन बघितलं तर भर उन्हाळ्यात सगळ्या खिडक्या बंद, आणि एका खिडकीतून पांढरी चादर लोंबतेय! त्यांचा राग पळाला.

"वहिनी, लगेच या," त्यांनी ग्रंथपालांच्या बायकोला फोन केला. "भाऊसाहेब दार उघडत नाहीत."

बायको बहिणीला घेऊन धावत आली. आतून कडी असल्याने किल्लीचा उपयोग नव्हता. शेवटी किल्लीवाल्याने कडी तोडली. सात-आठ शेजाऱ्यांसह सगळे आत घुसले. ग्रंथपाल फरशीवर हातपाय पसरून निपचित पडलेले.

"अहो!" बायकोने हंबरडा फोडला.

ग्रंथपालांनी एक डोळा उघडला. "आधी दार लावा. गारवा जातोय."

बायकोला रडावं की ओरडावं कळेना. तिने दोन्ही केलं. तोवर मेहुणी भिंतीला टेकून बसली होती. "ताई, माझ्या एसीपेक्षा बरं आहे गं इथे." शिंपीणबाई सोफ्यावर टेकल्या. शेजाऱ्यांनी सतरंजी अंथरली. किल्लीवाला हत्यारं बाजूला ठेवून मांडी घालून बसला. उठायचं नाव कोणी घेईना.

अर्ध्या तासात ग्रंथपालांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी घसा खाकरला. "जावई सांगत होते, एक माणूस म्हणजे शंभर वॅटचा तापलेला बल्ब. इथे आत्ता डझनभर पेटलेत."

"मग भाऊसाहेब, तुम्ही जरा जिन्यात बसा," शिंपीणबाई म्हणाल्या. "एक तरी विझेल."

त्यांचे कपडे भिजल्याचं एव्हाना कानावर आलं होतं. ग्रंथपाल बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसले. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं. हातात पाण्याचा तांब्या घेऊन बायको बाहेर आली.

"सरका थोडं," ती म्हणाली. "मलाही विझवलं त्यांनी."