तारकरांचं खत

दर शुक्रवारी सकाळी, दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधली सभ्य माणसं सुट्टीची साखरझोप घेत असताना, रघुनाथ तारकर मासळी बाजारातून रंगाच्या रिकाम्या बादलीत माशांची डोकी आणि आतडी भरून आणायचे. खायला नव्हे, अंगणातल्या आंब्याच्या मुळाशी पुरायला. आणि पुरताना एकेका डोक्याला निरोप द्यायचे, "जा रे सालमना, कामाक लाग."

बादलीत सालमन कधीच नसायचा. तिकडचा शेरी मासा असायचा, तारल्या असायच्या, क्वचित सुरमईचं एखादं भारदस्त डोकं. पण मातीत जाताना सगळ्यांना सालमनपदावर बढती मिळायची.

आमची आणि त्यांची भिंत एक. मी पुण्याचा, शाकाहारी, आणि भिडस्त. ते वेंगुर्ल्याचे. एसीचे डक्ट बसवायचं कॉन्ट्रॅक्ट, दुबईत अल क्वोजला वर्कशॉप, आवाज पत्र्यावर हातोडा पडल्यासारखा. नलूवहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक अजित, त्याने डक्टच्या धंद्यात यायचं सोडून कॅनडात जंगलांचा अभ्यास करायचा ठरवला, तेव्हा "झाडां बघूक कॅनडा? वेंगुर्ल्यातली काय मेली?" हे वाक्य भिंतीपलीकडून आम्ही नवरा-बायको आणि मुलगी, तिघांनीही ऐकलं होतं. अजित गेला. फोन बंद झाले. आधी कोणी करायचा, हा तारकरांच्या मते तत्त्वाचा प्रश्न होता.

अंगणातला आंबा अजितनेच लहानपणी कोय पुरून लावलेला. तो गेल्यावर झाडही गेलं असं आम्ही धरून चाललो होतो. नुसत्या काटक्या उरल्या होत्या. आणि वर्षभराने एका शुक्रवारी ही बादली अवतरली.

"ह्यां झाड जगाक व्हया," यापलीकडे कारण मिळालं नाही.

त्या पहिल्या शुक्रवारी कंपाउंडचा पठाण वॉचमन गुलखान याने विचारलं, "साब, सुबह सुबह किधर?"

"खत डालने का है," तारकर म्हणाले.

आपलं खत झाडाला घालतात. गुलखानचं ख़त पोस्टात टाकतात. त्याने अदबीने हात लांब केला. "ख़त का डब्बा तो उधर है साब, मस्जिद के पास."

"डब्बे में नहीं. घर में. जमीन में."

गुलखानने बादलीत डोकावून पाहिलं. बादलीतून वीसेक डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तेव्हापासून दर आठवड्याला तो काळजीने विचारू लागला, "साब, ख़त डाला? जवाब आया?"

"इन्शाल्ला," तारकर म्हणायचे.

त्यात त्यांनी त्याला सिद्धांत समजावून सांगितला. "सालमन नदी में पैदा होता है. फिर समुंदर में जाता है, कमाता है, मोटा होता है. बुढ्ढा हुआ तो वापस अपने गाँव का नदी में. उधर मर जाता है."

"इन्ना लिल्लाह," गुलखान हळहळला. "सलमान साब आपके दोस्त थे?"

"अरे मच्छी है! फिर भालू उसको जंगल में खींच के ले जाता है. आधा खाता है, आधा फेंकता है. वो सड़ता है, और उसपर ये इतना बड़ा झाड़!"

माशाचं आयुष्य ऐकून गुलखान खुर्चीत खाली बसला. मग म्हणाला, "साब, ये तो हम लोगों का किस्सा है."

उम्म अल कुवैनमध्ये अस्वलं नसल्यामुळे ते खातं कंपाउंडच्या मांजरींनी सांभाळलं. त्या रात्रभरात डोकी उकरून काढत आणि आमच्या दारात आणून ठेवत. एकदा माझ्या ऑफिसच्या बुटात शेरी निघाला. मी बसची वेळ झाली म्हणून तो काढून तोच बूट घालून गेलो. त्या दिवशी मीटिंगमध्ये माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मुलगी मुक्ता रोज नाक धरून जाहीर करायची, "बाबा, समथिंग हॅज डाइड इन धिस हाउस." शेवटी बायकोने, सुनंदाने, मला निर्वाणीचं बजावून पाठवलं, "आज स्पष्ट सांगून या भावजींना." मी गेलो. तासाभराने परत आलो तेव्हा माझ्या हातात फावडं होतं.

"सांगितलंत?"

"त्यांची कंबर धरली होती गं. खड्डा तेवढा काढून दिला."

पण सगळेच माझ्यासारखे शूर नसतात. कोणीतरी तक्रार केलीच. घरमालक अरब म्हातारा स्वतः आला. झाड काढायला लावणार, असं सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. तारकर आंब्यापुढे हात पसरून उभे. तोपर्यंत झाडाला मोजून अकरा पानं फुटली होती. मोजून म्हणतो, कारण मी मोजायला होतो. म्हाताऱ्याने खोल श्वास घेतला. बायका नाकाला पदर लावून बघत होत्या.

"ऊमा?" त्याने विचारलं.

तारल्यांना तिकडे ऊमा म्हणतात. त्याचा आजा वाळलेल्या तारल्या खजुराच्या मुळाशी घालायचा. म्हातारा खाली बसला, मूठभर माती हुंगली आणि डोळे मिटून घेतले. मग फर्मान निघालं: खड्डा अजून खोल, वर वाळू जास्त. खलास. जाताना त्याने आम्हा तक्रारदारांकडे असं पाहिलं, की मी तक्रार केली नसूनही शरमलो.

दोन उन्हाळे गेले. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी तारकर दारात उभे राहिले. बादली नव्हती. इस्त्रीचा शर्ट होता.

"लेले, जरा चल."

आंब्याच्या शेंड्याला मोहोर आला होता. वीतभरच. मी दोन वर्षांत प्रथमच त्या अंगणात नाकाने श्वास घेतला.

तारकरांनी खिशातून घड्या पडून फाटायला आलेलं एक पत्र काढलं. "अजितचां. वाच."

इंग्रजीत होतं, दोन वर्षांपूर्वीचं. सालमन त्यातच होता. नदी, समुद्र, परतणं, अस्वलं, आणि मेलेल्या माशांवर पोसलेली प्रचंड झाडं, ज्यांच्या खोडात समुद्रातलं अन्न सापडतं. हा माणूस हे टीव्हीवर शिकला असं आम्ही समजत होतो. शेवटी एकच ओळ होती: बाबा, माझा आंबा आहे ना अजून?

"दोन वर्षं उत्तर नाही दिलंत?"

"काय लिवतलंय?" पत्र्यावरचा हातोडा अगदी हळू वाजला. "तो गेलो तेच्या रागान पाणी मीयाच तोडलेलंय झाडाचां. पत्र इलां तेव्हा नुसती काटकी होती. मेलां म्हणान कळवू? आणि आसा म्हणान खोटां कसा लिवू?"

मी इंग्रजीत लिहून देऊ का म्हटलं. "नको. नलून तेका मराठी वाचूक शिकवल्यान हा." मग माझ्याच डायनिंग टेबलवर बसून, एसीचं कोटेशन लिहितात तशा ठळक अक्षरांत, त्यांनी दोन ओळी लिहिल्या: आंबो आसा. मोहर इलो. मोहोराची एक काडी आत घातली. पाकीट चिकटवून माझ्यापुढे धरलं, "वास येता?"

आला. माशांचा. मी म्हटलं, "येतो."

गेटपाशी गुलखान उठून उभा राहिला. आधी त्याने सवयीने बादली शोधली.

"साब, आज ख़त नहीं?"

तारकरांनी पाकीट वर करून दाखवलं.

"आज डब्बे में," ते म्हणाले, आणि मशिदीच्या दिशेने चालू लागले.