दाराबाहेरचा कवी

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला सुमेध आधी बाहेर काढत नाही, आधी कविता ऐकवतो. लिफ्ट दुरुस्त करणं ही त्याची साकीनाक्याच्या एका कंपनीतली नोकरी, आणि कविता म्हणजे उरलेला सगळा सुमेध. आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत तो आईबरोबर तळमजल्यावर राहतो. त्यामुळे लिफ्ट बंद पडली की लोक कंपनीला फोन करण्याआधी त्याचं दार वाजवतात. "पब्लिक उठून जाऊ शकत नाही ना, बाई!" हे त्याचं लाडकं वाक्य. मला सगळे बाई म्हणतात. जन्मभर शाळेत मराठी शिकवल्यावर दुसरं काय म्हणणार?

परवा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, भाजीच्या पिशवीसकट, मीच अडकले. बाहेरून आवाज आला, "बाई, टेन्शन नका घेऊ. पाच मिनिटं. तोवर एक ऐकवू?"

"नको म्हटलं तर दार लवकर उघडेल?"

"नाही."

मग काय, ऐकली. चांगली होती, हे पिशवीतल्या मेथीसमोर मला कबूल करावं लागलं. एक ओळ तर फारच आवडली: 'तो आला की कळतं, आपला मजला आला.' पण तिसऱ्या कडव्यात त्याच ओळीत 'ती आली' झालं आणि माझ्यातली बाई जागी झाली.

"सुमेध, तो की ती? एक काय ते ठरव."

पान्याची खटखट थांबली.

"तोच आहे, बाई. 'ती' फक्त आईसाठी. रविवारी बोरिवलीत माझा पहिला स्वतःचा कार्यक्रम आहे ना, आई येणारे. त्या दिवशी सगळीकडे 'ती' म्हणणार, त्याचीच प्रॅक्टिस चाललीय." मग म्हणाला, "मी गे आहे, हे मी कविता म्हणतो त्या अंधेरीतल्या तीन कॅफेंना माहीत आहे. आईला माहीत आहे की नाही, ते मला माहीत नाही."

म्हणजे त्याने सांगून पाहिलं होतं. वर्षापूर्वी आई आंघोळीला गेली असताना बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून त्याने हीच कविता म्हटली होती. आतून नळाचा आवाज येत राहिला. आई केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि म्हणाली, "पोहे खाशील की उपमा?" पुन्हा विषय काढायची काही याची छाती झाली नाही.

"बंद दार बरं असतं, बाई. समोरच्याचं तोंड दिसत नाही."

एवढा बडबड्या पोरगा आणि इतका एकटा, याचं मला फार वाईट वाटलं. पण बाहेर पडल्यावर मी आपलं "व्याकरण सांभाळ" एवढंच म्हटलं.

रविवारी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी त्याची आई, कडक इस्त्रीची निळी साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. सुमेध नेहमीच्या तोऱ्यात आला. पहिल्या दोन कवितांना हशा, टाळ्या, शिट्ट्यासुद्धा. मग ती कविता सुरू झाली.

"ती आली की कळतं..."

"अरे," त्याची आई घरात बोलावं तशी मोठ्यांदा म्हणाली, "त्या दिवशी तर 'तो' म्हणाला होतास ना?"

सुमेधचा माइक खाली आला. आई ओशाळून माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "बादली भरून वाहत होती हो, नळ बंद करायचंसुद्धा सुचलं नाही मला. वर्षभर वाट बघतेय, हा परत कधी म्हणतोय."

सुमेधने बाहीने डोळे पुसले, माइक वर घेतला आणि आईच्या तोंडाकडे बघत ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली. व्याकरण बिनचूक होतं.