सुभेदार लाडू

साक्षी माहेरी सांगलीला गेली ती लाडूवरून. लाडू म्हणजे कुत्रा. "घरात एक तर हा राहील, नाहीतर मी," असं कपिल बोलून गेला आणि साक्षीने लगेच लाडूच्या बाजूने मत दिलं. एसटीत कुत्रा घेत नाहीत म्हणून लाडू मागे राहिला, एवढंच. दोन दिवसांनी निरोप आला, लाडूला आणाल तर परत येते. एकटे आलात तर चहा पिऊन जा.

सातारा स्टँडवर कंडक्टरने दार अडवलं.

"साधं कुत्रं न्हाई हे," कपिल म्हणाला. "मिलिटरीचं हाय. रिटायर."

साताऱ्याच्या गाडीत मिलिटरीचं नाव काढण्याआधी आत कोण बसलंय ते बघावं, हे त्याला सुचलं नाही. पुढच्या बाकावरून माजी हवालदार धोंडिराम उठले.

"हुद्दा?"

मोठा हुद्दा सांगितला की प्रश्न थांबतील, असं कपिलला वाटलं. "सुभेदार."

धोंडिरामांनी सलाम ठोकला. सुभेदार उभे आणि हवालदार बसलेला, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, असं कंडक्टरला सुनावून त्यांनी खिडकीची जागा लाडूला दिली. शेजारी कपिल टेकणार, तोच खांद्यावर हात पडला.

"आन तुमी कोन?"

"मी... सांभाळतो त्यांना."

"म्हंजी शिपाई. मग सायबांच्या बरोबरीनं बसताय व्हय?"

ती जागा दुसऱ्याच एका प्रवाशाला मिळाली आणि कपिल दांडीला लोंबकळला. कराडला लाडूसाठी दूध-बिस्किटं आली, कुणीतरी झेंडूचा हार घातला. धोंडिरामांनी एकदा 'सावधान' म्हणून पाहिलं. लाडू पाय वर करून घोरत होता. "झोपू द्या," ते म्हणाले, "रिटायर झाल्यावर आमीबी तेच करतो." इस्लामपूरला लाडूशेजारची जागा रिकामी झाली. तिच्यावर त्यांनी हार काढून ठेवला.

सांगलीत सुभेदारांना शिपायाच्या भरवशावर सोडणं धोंडिरामांना पटेना. हार पुन्हा लाडूच्या गळ्यात घालून ते थेट कपिलच्या सासऱ्यांच्या दारापर्यंत आले. दार साक्षीने उघडलं. आता सगळं उघडं पडणार, म्हणून कपिलने मान खाली घातली.

"बाई, सुभेदारसायेब सुखरूप पोचले," धोंडिराम म्हणाले. "ह्यो त्यांचा शिपाई. मानूस वाईट न्हाई, पन लय बसायला बघतो."

साक्षीने हार घातलेल्या लाडूकडे पाहिलं. मग घामाघूम कपिलकडे.

"बरोबर हाय, आबा," ती म्हणाली. "घरीबी ह्यांचा हुद्दा ह्योच. फकस्त ह्यांना अजून कुनी सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तिघं साताऱ्याला निघाली. गाडीत दोनच जागा होत्या. कपिल न सांगता उभा राहिला.